रथ जमिनीला टेकतो तेव्हा

मंडळी, विषयाचं नाव जरा भारदस्तच झालंय. कायदा, नीती, मानवी हक्क. एकेका शब्दाची व्याख्या करत बसलो तर आपली वेळ त्यातच संपेल आणि तुम्ही चहाच्या आशेवर तग धराल. म्हणून व्याख्या बाजूला ठेवतो आणि एका टिपणापासून सुरुवात करतो.

१ ऑक्टोबर २००२. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे पोलीस उपप्रमुख वोल्फगांग दाश्नर यांनी त्या दिवशी पोलिसांच्या फाइलसाठी एक टिपण लिहिलं. चार दिवसांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाचं अपहरण झालं होतं. दहा लाख युरोंची खंडणी उचलणाऱ्या तरुणावर पाळत ठेवून पोलिसांनी त्याला पकडलं. हा तरुण कायद्याचा विद्यार्थी. मुलगा कुठे आहे ते काही केल्या सांगेना, आणि सांगे ते खोटं निघे. मुलगा कुठेतरी डांबलेला आहे, अन्नपाण्याशिवाय आहे, तास मोजके उरलेत, अशी पोलिसांची समजूत. दाश्नरनी आदेश दिला: आरोपीला आधी ताकीद द्या, नाही बोलला तर इजा होणार नाही अशा बेताने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदना द्या. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला. आदेश कायम राहिला. धमकी मिळाल्यावर दहाएक मिनिटांत आरोपी बोलला, वेदना देण्याची वेळच आली नाही. सांगितलेल्या तळ्यापाशी पोलीस पोचले तर मुलगा मेलेला. अपहरणाच्या दिवशीच त्याला मारलं होतं.

आणि हे सगळं, म्हणजे स्वतःचा आदेश, त्यातला तो डॉक्टर, ती वेदना, दाश्नरनी स्वतःच फाइलीत नोंदवून ठेवलं. पोलीस कोठडीत काय काय होतं आणि त्यातलं कागदावर किती येतं, हे आपण सगळे जाणतो. म्हणून मला त्या धमकीपेक्षा हे टिपण जास्त विचार करायला लावतं.

मी कायदा शिकवतो. वर्गात ही हकीकत सांगितली की विचारतो, तुम्ही दाश्नरच्या जागी असता तर? बहुतेक हात आदेशाच्या बाजूने वर जातात. मग म्हणतो, छान, आता पोलिसांना हा अधिकार देणारं कलम लिहा. कुणी द्यायचा आदेश, कुणाच्या बाबतीत, कुठवर जायचं. इथे पेनं अडतात. एका मुलाने एकदा लिहिलं, ‘आरोपी माहिती दडवतोय याची खात्री असल्यास’. शेजारच्या मुलीने त्याच्या कागदात डोकावून विचारलं, ‘कुणाला खात्री असल्यास?’ त्याने कागद उलटा करून ठेवला.

हात वर करणं खोटं नव्हतं आणि पेन अडणंही खोटं नव्हतं. पहिला प्रश्न होता संकटात सापडलेल्या एका माणसाचा. दुसरा होता राज्याने आगाऊ काय लिहून ठेवावं याचा. धर्मसंकटाच्या चर्चेत आपण या दोन प्रश्नांची सर्रास गल्लत करतो. एका प्रसंगात मन द्रवलं की लगेच ‘मग कायदाच तसा करा’ असं म्हणून मोकळे होतो.

आता जरा मागे जाऊ. १८८४ साल. ‘मिन्योनेट’ नावाची छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. दक्षिण अटलांटिकमध्ये ५ जुलैला ती बुडाली. कप्तान टॉम डडली, स्टीफन्स, ब्रुक्स आणि सतरा वर्षांचा पोरगा रिचर्ड पार्कर, असे चौघे एका होडक्यात. गोडं पाणी थेंबभर नाही. सलगमाचे दोन डबे, आणि काही दिवसांनी हाती लागलेलं एक कासव, एवढ्यावर दिवस काढले. पार्कर समुद्राचं पाणी प्याला आणि आजारी पडला. एकोणीस-वीस दिवस झाले तेव्हा डडली आणि स्टीफन्स यांनी ठरवलं, आणि डडलीने त्याला मारलं. तिघे त्याच्या मांसावर जगले. चारेक दिवसांत एका जर्मन जहाजाने त्यांना उचललं.

किनाऱ्यावर उतरल्यावर डडलीने काहीही लपवलं नाही. विचारणाऱ्याला सरळ सांगितलं. हा दर्यावर्दी लोकांचा जुना रिवाज आहे, यात गुन्हा कसला, अशीच त्याची समजूत होती. लोकही त्याच्याच बाजूने होते. पार्करच्या सख्ख्या भावाने, जो स्वतः खलाशी होता, आरोपींशी हस्तांदोलन केलं. तरी खटला चालला. ब्रुक्सला साक्षीदार केलं. आणि त्या डिसेंबरात लॉर्ड कोलरिज यांनी निकाल दिला: गरज हे खुनाचं समर्थन होऊ शकत नाही. त्यांचा युक्तिवाद बघा. गरज मोजायची कुणी? कुणाचा जीव स्वस्त, हे ठरवायचं कुणी? त्या होडक्यात सगळ्यांत दुबळा, सगळ्यांत लहान, प्रतिकार न करू शकणारा निवडला गेला. एखाद्या थोराला का नाही? निकालपत्रात ते असंही कबूल करतात, की आपल्याला स्वतःला गाठता येणार नाहीत असे मापदंडही कधीकधी आपल्याला घालून द्यावे लागतात. शिक्षा झाली फाशीची. आणि लगोलग ती कमी करून सहा महिन्यांच्या कैदेवर आणली.

फाशी आणि सहा महिने! माझे विद्यार्थी याला ढोंग म्हणतात. फाशी द्यायचीच नव्हती तर दोषी कशाला ठरवायचं? मला यात ढोंग दिसत नाही. दोषी ठरवणं हे पार्करसाठी होतं. त्याचा जीव इतरांच्या जिवाइतकाच होता, हे कुणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं होतं, आणि त्याच्या बाजूने बोलायला तर कोणीच उरलं नव्हतं, भाऊसुद्धा नाही. शिक्षा कमी करणं हे डडलीसाठी होतं.

आपल्याकडे हे महाभारतकारांना फार नेमकं कळलं होतं. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, पण गोष्टीचा पुढचा भाग विसरतो. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. ते अर्धसत्य उच्चारलं आणि रथ खाली टेकला. बोलायला कुणी लावलं? प्रत्यक्ष कृष्णाने. त्याशिवाय द्रोण आवरले नसते, हेही खरं. तरी रथ टेकलाच. आणि शेवटी स्वर्गारोहणपर्वात त्याला नरक बघावा लागतो तो याच कारणाने; तू द्रोणाला कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला, असं इंद्र त्याला स्पष्ट सांगतो. लढाई जिंकून दिली म्हणून खोटं खरं झालं, असं व्यासांनी म्हटलं नाही. आणि खोटं बोलला म्हणून युधिष्ठिराला कायमचा नरकातही टाकला नाही. एक फेरी घडवली.

माझं म्हणणं एवढंच आहे: कायद्याने ही फेरी रद्द करू नये.

मानवी हक्कांच्या कायद्यात काही दारं मुद्दाम कुलूपबंद ठेवली आहेत. बहुतेक हक्क आणीबाणीत काही काळ आखडता येतात, संचाराचे, सभेचे. छळापासूनचं संरक्षण त्यांत बसत नाही. १९८४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारात शब्दच आहेत की युद्ध असो, युद्धाचा धोका असो, अंतर्गत अस्थैर्य असो, कोणतीही असाधारण परिस्थिती छळाचं समर्थन ठरणार नाही. करार लिहिणाऱ्यांना फ्रँकफर्टसारखे प्रसंग सुचले नसतील असं समजू नका. अपवादाचं कलम आलं की त्याच्यामागे खातं येतं, प्रशिक्षण येतं, छापील फॉर्म येतो. दाश्नरच्या टिपणातला तो डॉक्टर आठवा. उद्या त्या डॉक्टरची नेमणूक होईल, पगार सुरू होईल.

जर्मनीतच २००५ साली एक कायदा आला. अपहृत विमानाचा शस्त्रासारखा वापर होणार असेल तर ते पाडण्याचा आदेश संरक्षणमंत्र्याला देता येईल, असं त्यात होतं. आत निष्पाप प्रवासी असले तरी. हिशेब सोपा वाटतो, ते तसेही मरणारच आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये संविधान न्यायालयाने ते कलम रद्द केलं. प्रवाशांना इतरांना वाचवण्याचं साधन करणं म्हणजे त्यांची प्रतिष्ठाच नाकारणं, असं न्यायालय म्हणालं. पण उद्या एखाद्या वैमानिकाने तसं विमान पाडलंच, तर त्याच्या कृत्याकडे फौजदारी कायद्याने कसं पाहावं, हा प्रश्न न्यायालयाने सोडवायला घेतलाच नाही. उघडा ठेवला. मला ही माघार वाटत नाही.

जरा मनाविरुद्धचंही बोलतो, नाहीतर तुम्ही प्रश्नोत्तरांत मला धराल. इस्रायलमध्ये १९८७ पासून चौकशीत ‘माफक शारीरिक दबावा’ला सरकारी मान्यता होती. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश अहरॉन बराक यांनी, तो अधिकार काढून घेतला. मात्र एखाद्या चौकशी अधिकाऱ्यावर खटला भरला गेला, तर गरजेपोटी केलं असा बचाव तो मांडू शकेल, एवढी फट ठेवली. मी आत्ता जे म्हणतोय तेच हुबेहूब. आगाऊ परवानगी नाही, नंतर दया. पुढे काय झालं? त्या फटीतूनच नेहमीची वाट पडली, अशी तिथल्या मानवी हक्क संघटनांची तक्रार आहे. दया मिळणार याची खात्री झाली की ती परवानगीच होते, फक्त उशिरा पोचणारी.

दाश्नरचंही तसंच. डिसेंबर २००४ मध्ये ते दोषी ठरले. दंड १०,८०० युरो, तोही स्थगित. म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच भरायचा. पुढे त्यांना वरचं पद मिळालं. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बहुमताने म्हटलं की ही शिक्षा जवळपास नाममात्र आहे, आणि असल्या शिक्षेचा कुणाला धाक वाटणार नाही. वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं न्यायालयाचं बरोबर होतं. रथ टेकला तर टेकल्याचा आवाज तरी यायला हवा.

आणि एक खटला असा आहे, की जिथे माझं सगळं गणित मोडतं. सन २०००, इंग्लंड. एकमेकींना जोडलेल्या जुळ्या मुली. न्यायालयाने त्यांना ठेवलेली नावं ‘जोडी’ आणि ‘मेरी’. मेरीचं हृदय आणि फुप्फुसं निकामी. ती जोडीच्या रक्तावर जगत होती. वेगळं केलं तर मेरी तत्काळ जाणार. नाही केलं तर काही महिन्यांत दोघीही. आईवडील श्रद्धाळू कॅथलिक, त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. एकीला मारून दुसरीला वाचवायचं नाही, देवाची इच्छा असेल ते होईल.

इथे ‘आधी करा, मग बघू’ म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर दारात उभे राहून विचारत होते, करू की नको? आगाऊच सांगावं लागणार होतं. अपील न्यायालयाच्या तिघा न्यायाधीशांनी होकार दिला, आणि गंमत म्हणावी की काय, तिघांची कारणं वेगवेगळी. एकाने, न्यायमूर्ती वॉर्ड यांनी, स्वसंरक्षणाचा आधार घेतला: जोडीला बोलता आलं असतं तर ती म्हणाली असती, मेरी, तू माझा जीव घेते आहेस. दुसऱ्याने थेट ‘मिन्योनेट’चा निकाल समोर घेतला आणि सांगितलं की तिथे बळी कुणाचा द्यायचा हे माणसांनी निवडलं, इथे निवड निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. पटतं? मला अर्धंच पटतं. पार्करही आजारीच होता, डडलीही हेच म्हणाला असता.

न्यायमूर्ती वॉर्ड यांना हे जाणवलं असावं. याचा आधार घेऊन उद्या कुणी भलतीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी निकालात अटी एकेक करून लिहिल्या: एकाचा जीव घेतल्याशिवाय दुसऱ्याचा वाचवणं अशक्य असेल, त्याच्या निव्वळ असण्यामुळे दुसऱ्याचा मृत्यू अटळ असेल, तो स्वतः कोणत्याही परिस्थितीत जगणार नसेल. दार उघडलं, आणि लगेच पाठ लावून उभे राहिले. आईवडिलांनी वर अपील केलं नाही. ७ नोव्हेंबरला मँचेस्टरमध्ये शस्त्रक्रिया झाली, वीसेक तास चालली. मेरी गेली. जोडी जगली.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे हात वर दिसतोय.