पहाटे तीनला फर्नेस का कण्हते

(मिशिगनमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं. मला खरं तर विषय दिला होता आरव्हीमधून, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाडीतून भटकंती, म्हणजे फोटोबिटो दाखवायचे, कॅन्यन, जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे वगैरे. मी म्हटलं फोटो सगळ्यांच्याच फोनमधे आहेत, मी बिघाडावर बोलतो, कारण इथे बसलेल्यांपैकी चार-पाच जणांनी जुन्या गाड्या घेतल्यात आणि प्रत्येकाचा फोन मला रात्रीच येतो. आणि फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, फर्नेस आवाज करतेय." फर्नेस म्हणजे गाडीतली खोली गरम करणारी गॅसची यंत्रणा.

तर माझी गाडी १९९५ ची, क्लास सी, म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि मागे खोली बसवलेली, २६ फूट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिची चूक नव्हतीच, तीस वर्षांत मिशिगनच्या रस्त्यावरचं मीठ खाऊन कुठलीही गाडी अशीच होणार. घेतली त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस आम्ही दोघं वर अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात गेलो, वीज नसलेल्या ठिकाणी मुक्काम केला, फर्नेस लावली, मस्त ऊब, झोपलो. पहाटे तीनला हिने हलवलं, म्हणाली अरे ही काय कण्हतेय बघ. पंखा चालू होता पण सूर उतरलेला, एरवी भर्रर्र असतो तो घूंऽऽ घूंऽऽ असा, आणि जाळीपाशी हात धरला तर हवा गार. म्हणजे आम्ही बॅटरी खर्च करून स्वतःला थंड वारा घालून घेत होतो.

हे असं का होतं ते समजून घ्यायला फर्नेसच्या आत काय चालतं ते एकदा बघू, फार नाही, दोन मिनिटं. थर्मोस्टॅटने, म्हणजे खोलीचं तापमान बघणाऱ्या भिंतीवरच्या बटणाने, उष्णता मागितली की आधी पंखा सुरू होतो, गॅस नाही. एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन चाकं, एक खोलीतली हवा फिरवतं, दुसरं जळणाला बाहेरची हवा देतं आणि धूर बाहेर ढकलतं. पंख्याच्या वाटेत एक छोटा पत्रा असतो, शिडासारखा, त्याला सेल स्विच म्हणतात. वारा पुरेसा असेल, म्हणजे पंखा त्याच्या वेगाच्या साधारण पाऊण तरी फिरत असेल, तरच तो पत्रा ढकलला जातो, स्विच लागतो आणि बोर्डाला, म्हणजे फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला, कळतं की हां, आता गॅस सोडायला हरकत नाही. मग काही सेकंदांनी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, टिकटिक ठिणग्या, ज्योत. वारा कमी असेल तर गॅस सुटतच नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण धूर बाहेर जाणार नसेल तर आग लावायची कशाला.

आता यातली गंमत बघा. पंखा १२ व्होल्टवर चालतो. व्होल्ट उतरले की पंखा मंदावतो, पंखा मंदावला की शीड हलत नाही, शीड हललं नाही की ज्योत नाही, ज्योत नाही म्हणून खोली तापत नाही, खोली तापत नाही म्हणून थर्मोस्टॅट पंखा बंद करत नाही, पंखा बंद होत नाही म्हणून बॅटरी आणखी उतरते. पहाटेपर्यंत बॅटरी मेलेली आणि माणसं गारठलेली. म्हणून मी म्हणतो की निम्म्या वेळा फर्नेसचा आवाज हा फर्नेसचा आजार नसतोच, ती बिचारी व्होल्ट सांगत असते.

पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! मी आधी थर्मोस्टॅट बदलला. मग बोर्ड बदलला. मग मोटर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी एका वर्कशॉपमधे गाडी नेली, त्यांनी दोन दिवस ठेवली, बिल लावलं आणि सांगितलं एकदम छान चालते. घरी आणून दारात घरच्या विजेची वायर लावून बघितली तर खरंच छान चालते. पुढच्या मुक्कामी जंगलात परत घूंऽऽ. डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो ना, तसं. त्याचं कारण नंतर कळलं. वर्कशॉपमधे गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली असते, त्यामुळे गाडीतला कन्व्हर्टर, म्हणजे १२० व्होल्ट एसीचं १२ व्होल्ट डीसी करणारा डबा, साडेतेरा-पावणेचौदा व्होल्ट देतो. वाटेत दीड-पावणेदोन व्होल्ट गळाले तरी फर्नेसला बारापर्यंत मिळतात, तिचं भागतं. बॅटरीवर मुळात बारा-साडेबारा, त्यातून तेवढेच गळाले की खेळ खलास.

गळती शोधायला मल्टीमीटर पुरतो, वीस-पंचवीस डॉलरवाला. पण मोजायचं पंखा चालू असताना. हे मी तीनदा सांगतो कारण तीनदा सांगूनही लोक पंखा बंद ठेवून मोजतात आणि मला सांगतात काका बारा पूर्णांक सहा आहेत. असणारच. नळ बंद असताना पाइपातलं प्रेशर छानच दिसतं, नळ सोडला की कळतं पाइप किती चोंदलाय. माझ्याकडे पंखा चालू असताना बॅटरीवर १२.१ आणि फर्नेसच्या वायरींवर १०.४. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेत गेले. आता कुठे गेले? मीटरची एक सळई बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी फर्नेसच्या प्लसला लावली, ०.३ आले, तीस वर्षांच्या गाडीला ठीक आहे. मग मायनस ते मायनस, १.४! सगळं पाणी तिथे मुरत होतं.

जुन्या गाड्यांत मायनसची वायर बॅटरीपर्यंत जातेच असं नाही, ती जवळच कुठेतरी सांगाड्याला स्क्रूने मारलेली असते आणि पुढचा प्रवास लोखंडातून. मी खाली सरपटत गेलो, टॉर्च तोंडात, तर चॅसिसवर एक स्क्रू, त्यावर गंजाचा पापुद्रा, आणि हात लावला तर चक्क कोमट. हिशोब करा, १.४ व्होल्ट गुणिले पंख्याचे आठ अँपिअर, अकरा वॅट उष्णता त्या एका स्क्रूवर. आख्ख्या गाडीत तेव्हा तेवढीच एक गरम जागा होती म्हणा ना. स्क्रू काढला, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवीन टर्मिनल, दातेरी वॉशर, वरून ग्रीस, आणि शिवाय एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला. खर्च बारा-तेरा डॉलर. त्याआधी बदललेल्या पार्टांचा खर्च मी हिला अजून सांगितलेला नाही, ती आज पहिल्या रांगेत बसलीय, असो.

बॅटरीचाही हिशोब सांगतो म्हणजे कळेल चूक नेहमी गंजाचीच नसते. पंखा आठ अँपिअर खातो आणि कडाक्याच्या रात्री दहा तासांपैकी निम्मा वेळ चालला तर ४० अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची एक साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे पन्नास, आणि थंडीत तीसुद्धा आखडते. त्यात दिवे, पाण्याचा पंप. म्हणून बरेच जण गोल्फ कार्टच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे जोडतात, दोनशेच्या वर अँपिअर-तास मिळतात, मीही तेच केलंय. आणि जुना कन्व्हर्टर असेल, ट्रान्सफॉर्मरवाला, सतत हंऽऽ करणारा, तर तो बॅटरीला चार्ज इतका कंजूषपणे देतो की दोन तास जनरेटर चालवून जेमतेम आठ-दहा अँपिअर-तास पदरात पडतात. त्याचं डीसीसुद्धा खडबडीत असतं, बॅटरी ते गुळगुळीत करते, म्हणून बॅटरी मेली की दिवे थरथरतात आणि फर्नेसचा बोर्ड वेड्यासारखा वागतो. तो डबा काढून नवीन बसवा, जुन्याच्या प्रेमात पडू नका.

बाकीचे आवाज आता. बारीक किंचाळी, थंडीत सुरू होताना येते आणि गरम झाल्यावर जाते, ती मोटरच्या बेअरिंगची. तेलाचे दोन थेंब महिनाभर साथ देतात, नंतर मोटरच. खडखड असेल तर पंख्याचं चाक शाफ्टवर सैल झालंय किंवा आत काहीतरी शिरलंय, माझ्या एका मित्राच्या फर्नेसमधून मूठभर एकॉर्न, म्हणजे ओकची फळं निघाली, उंदरांनी हिवाळ्याची बेगमी केली होती. आणि कुंभारमाशी! ती धुराड्याच्या नळीत मातीचं घर बांधते, हवा अडते, आणि तुम्ही वर सगळं इलेक्ट्रिकल तपासत बसता. सेल स्विचवर कुत्र्याचे केस अडकले तरी लक्षण हेच, व्होल्ट बरोबर, पंखा जोरात, ज्योत नाही.

एक आवाज मात्र असा आहे की तिथे माझं ऐकून काही करू नका. भप्प. पेटताना भप्प झालं म्हणजे ज्योत लागायच्या आधी आत गॅस साठतोय. बर्नर चोंदलाय, ठिणगीची कांडी वाकलीय किंवा गॅसचं प्रेशर चुकलंय, ते ११ इंच उंच पाण्याच्या दाबाच्या आसपास लागतं आणि मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजायच्या उपकरणाने, बघायचं काम माहितगाराचं. बाहेर धुराड्याभोवती काजळी दिसली तरी तेच. सिलेंडर बंद करा, त्या रात्री गोधड्या घ्या. आतली उष्णतेची पेटी चिरली असेल तर धूर खोलीत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ती पेटी वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. त्याच्या डिटेक्टरवर मुदतीची तारीख असते, बटण दाबून तो ओरडला म्हणजे चांगला असं नाही, बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, वायू ओळखणारा सेन्सर नाही.

आणि हो, जमिनीलगत जो गॅसचा डिटेक्टर असतो, खाली का तर प्रोपेन, म्हणजे आपला सिलेंडरचा गॅस, हवेपेक्षा जड, तोही बॅटरीवरच चालतो, आणि व्होल्ट उतरले की चिकचिक करतो. लोक झोपमोड होते म्हणून त्याचा फ्यूज काढतात. अरे तो फर्नेसचाच साक्षीदार आहे, दोघं एकच गोष्ट सांगतायत!

(मागून प्रश्न: घरी गाडीसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घ्यायचंय.)

बसवा, पण इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा की हे १२० व्होल्टचं आहे. तीन पिनांचं ते जाड सॉकेट कपडे वाळवायच्या मशीनच्या जुन्या सॉकेटसारखं दिसतं, आणि चांगले चांगले लोक सवयीने तिथे २४० सोडतात. मग टीव्ही, मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, सगळ्यांची एकदमच होळी. गाडी जोडायच्या आधी मीटरने बघा, मग तो इलेक्ट्रिशियन कितीही ओळखीचा असो.

(प्रश्न: कुंभारमाशीसाठी धुराड्याला जाळी लावली तर?)

मिळतात तशा जाळ्या दुकानात, पण फर्नेस बनवणारे नको म्हणतात, कारण तिने धुराची वाट अरुंद होते. मी उन्हाळ्यात फर्नेस बंद असते तेव्हा लावतो आणि सप्टेंबरात काढतो. एका वर्षी काढायची राहिली, तेव्हापासून जाळी लावली की थर्मोस्टॅटवर लाल टेप चिकटवतो, टेप काढल्याशिवाय बटण सरकतच नाही.