पिल्लू खाजवतंय, पण कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की सुरुवातीचे दिवस कौतुकातच जातात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की हे सारखं खाजवतंय. चेंडूमागे धावता धावता मधेच फतकल मारतं, मागचा पाय उचलून मान खरडतं, पुन्हा धावतं, पुन्हा बसतं. लगेच सल्ले सुरू होतात. एक जण पावडर सुचवतो, दुसरा तेल, तिसरा कसलासा शाम्पू. सगळ्यांचा प्रश्न एकच: याला लावायचं काय?

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी बघा, ते खाजवतंय कुठे, खाजवतंय कधी, आणि घरात आणखी कुणाला खाज सुटली आहे का. पशुवैद्यसुद्धा तुम्हाला आधी हेच विचारणार आहेत.

थोडंफार खाजवणं प्रत्येक पिल्लाचं चालूच असतं. झोपून उठलं की खाजवतं, कंटाळलं की खाजवतं. गळ्यात पहिल्यांदा पट्टा बांधला की काही दिवस मान खरडत राहतं, कारण ते ओझं त्याला नवं असतं. अशा वेळी हाक मारली, खेळणं पुढे केलं, की ते खाजवणं विसरून जातं. पण खाता खाता थांबून खाजवत असेल, गाढ झोपेतून उठून खाजवत असेल, केस विरळ झाले असतील किंवा कातडी लाल दिसत असेल, तर मात्र ती खाज खरी समजा.

आता कुठे, ते पाहू. कमरेच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खाजवत किंवा चावत असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्यायचा. आणि इथेच बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘छे, आमच्याकडे पिसवा नाहीत, एकही दिसली नाही.’ अहो, पिसू दिसण्यासाठी थांबतेच कुठे? तिच्याऐवजी तिच्या खुणा शोधा. पिल्लाला पांढऱ्या कापडावर उभं करा आणि अगदी बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी, कातडीला टेकवून फिरवा. फणीत किंवा कापडावर काळे बारीक कण पडले तर ते ओल्या कापसावर घ्या आणि बोटानं दाबा. माती असेल तर डाग मातकटच राहील. डाग तांबूस होऊन पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या पिल्लाचंच पचलेलं रक्त. घरच्या घरी करता येणारी इतकी सोपी तपासणी दुसरी नाही.

तांबूस डाग दिसला की लोक पिल्लाला अंघोळ घालतात आणि निश्चिंत होतात. आठवड्याभरात पुन्हा तेच. कारण अंगावरच्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा अगदी लहान हिस्सा. पिसवेची अंडी गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटत नाहीत, पिल्लू जिथे झोपतं तिथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या गालिच्याच्या धाग्यांत आणि फरशीच्या फटींत वाढतात, मग स्वतःभोवती कोष विणतात. त्या कोषात पिसू कित्येक महिने थांबू शकते. जवळून कुणी चाललं, त्याची ऊब आणि श्वास जाणवला, की बाहेर उडी मारते. म्हणून पिल्लाच्या अंथरुणाचे कपडे कडकडीत पाण्यात धुवायचे, कोपरे आणि सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायच्या, घरातल्या प्रत्येक कुत्र्यामांजराला औषध द्यायचं आणि हे किमान तीन महिने चालू ठेवायचं. एका महिन्यात हात टेकले तर पहिला महिनाही वाया जातो.

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या अंगावर पिसवांचा बुजबुजाट लागत नाही, एखाद-दुसरा चावाही बरेच दिवस पुरतो. अंग चावताना पिल्लू पिसू गिळतं, त्यातून पोटात पट्टकृमी होतात. गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर पिसवांबरोबर जंतांचंही औषध मागा. आणि अगदी लहान पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या एकदा बघाच. त्या गुलाबी असायला हव्यात. पांढुरक्या दिसत असतील आणि पिल्लू मलूल असेल, तर पिसवांनी रक्त शोषून त्याला पंडुरोग झालेला असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

औषधाच्या पाकिटावर वय आणि वजन लिहिलेलं असतं. ते वाचायचंच. मोठ्या कुत्र्याचा डोस अंदाजानं निम्मा करून पिल्लाला द्यायचा नाही. घरात मांजर असेल तर आणखी सावध राहा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आता समजा, खाज कानाच्या कडांना, कोपरांना, मागच्या पायांच्या घोट्यांना आणि पोटावर आहे, तिथे खपल्या धरल्यात आणि पिल्लू रात्र रात्र झोपत नाही. मग लूत असण्याची शक्यता मोठी. ही सार्कोप्टिस नावाच्या किडीची करामत. डोळ्यांना जेमतेमही न दिसणारी ही कीड कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणते आणि त्यांत अंडी घालते. माणसाची खरूज तिच्याच भाईबंदांमुळे होते. खरजेमागे अशी कीड असते हे 1687 साली बोनोमो आणि चेस्तोनी या दोघा इटालियन अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवलं, तरी वैद्यकानं ते मान्य करायला जवळजवळ दीडशे वर्षं घेतली.

इथे एक छोटी खूण बघता येते. पिल्लाच्या कानाची पाळी दुमडून तिची कड कडेवरच हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ही पक्की परीक्षा नव्हे, पण मोलाची खूण आहे. आणि इथेच तो तिसरा प्रश्न कामाला येतो: घरात आणखी कुणाला खाज? पिल्लाला उचलून घेणाऱ्याच्या हातांवर, पोटावर बारीक लाल पुरळ उठला असेल, तर तेही सांगायला लाजू नका. कुत्र्याची लूत माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही, पण खाज मात्र भरपूर देते. डॉक्टर कातडी खरवडून नमुना तपासतील. त्यात कीड सापडली नाही तरी लूत नाही असं ठरत नाही, कारण मोजक्या किडीही प्रचंड खाज सोडतात. म्हणून लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर उपचार सुरू करून बघतात, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकदमच करतात.

याउलट, डोळ्याभोवती किंवा तोंडाशी केस गळून टक्कल पडलंय, पण पिल्लू खाजवत फारसं नाही, तर ती डेमोडेक्स नावाची वेगळीच कीड असू शकते. ती पिल्लाकडे जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, दूध पिताना आईच्या अंगावरून आलेली असते. ती दुसऱ्यांना लागत नाही आणि एखादाच चट्टा असेल तर बहुधा आपोआप भरून येतो.

लुतीवर काही लोक रॉकेल चोळतात, कुणी गाडीतलं जळकं ऑइल फासतात. याबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही. पिल्लू ते चाटणार, ते पोटात जाणार, कातडी भाजणार. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनही आपल्या मनानं टोचायचं नाही. कोली ही कुत्र्यांची जात आणि तिच्या जवळच्या जाती, यांत एक जनुकीय दोष आढळतो. अशा कुत्र्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि जीवही जाऊ शकतो.

पिल्लू डोकं झटकतंय, कानच खाजवतंय आणि कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ आहे, तर कानातली कीड. अंगावर गोल चट्टे, तुटके केस आणि खपल्या असतील तर गजकर्ण. ते माणसांना लागतं, विशेषतः मुलांना, म्हणून हात धुवायचे आणि नमुना तपासून घ्यायचा. पोटावर केस नसलेल्या जागी पिवळसर टोकाच्या पुटकुळ्या लहान पिल्लांना येतात, त्या बहुतेकदा साध्या असतात. आणि अंगभर कोरडा कोंडा दिसत असेल तर आधी स्वतःला विचारा, आपण अंघोळ किती वेळा घालतो? कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आपल्या शाम्पूनं वारंवार धुतलं की तिचं तेल निघून जातं आणि जी खाज घालवायला अंघोळ घातली तीच वाढते.

राहिली अ‍ॅलर्जी. हल्ली सगळे आधी तिचंच नाव घेतात आणि खाणं बदलायला धावतात. पण धूळ, परागकण यांची अ‍ॅलर्जी कुत्र्यांत साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर आधी किडी शोधायच्या. खाण्याची अ‍ॅलर्जी लहान वयातही दिसते, पण ती ओळखायची तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच खाणं निदान आठ आठवडे द्यावं लागतं. मधे बिस्किटाचा एक तुकडाही नाही. दर आठवड्याला पाकीट बदलून फक्त दुकानदाराचा फायदा होतो. आपल्या औषधाच्या डब्यातल्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका. त्यांतल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

डॉक्टरांकडे नेताना खाजवतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ बरोबर असू द्या. तपासणीच्या टेबलावर चढलं की पिल्लू घाबरून पुतळ्यासारखं उभं राहतं आणि तुमचं म्हणणं खोटं पडतं. आतापर्यंत जे जे लावलं, पाजलं त्याची पाकिटं न्या, जळकं ऑइल लावलं असेल तर तेही सांगा. आणि आदल्या दिवशी त्याला स्वच्छ अंघोळ घालून, पावडर लावून नेऊ नका. डॉक्टरांना जे बघायचं असतं, नेमकं तेच त्यात धुऊन जातं.

नमस्कार.