पिकअपची अलॉय आणि कोकणातला खार

मंडळी, मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी भरून पिकअप निघाली की मागच्या फळीखालून पाणी गळत असतं. वितळलेल्या बर्फाचं, मिठाचं पाणी. ते उडतं मागच्या चाकांवर, आणि तेही आतल्या अंगाला, जिथं गाडी धुणाऱ्याचा हात पोचत नाही. त्यामुळे अलॉयचं चाक खराब झालं म्हटल्यावर सगळे बाहेरचे ओरखडे दाखवतात, पण चाक निकामी होतं ते आतून. ओरखड्यांचं काम सोपं आहे. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, रंग, विषय संपला. त्यावर आज वेळ घालवणार नाही.

अलॉय म्हणजे बहुतेक वेळा ओतीव ॲल्युमिनियम. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. ओतल्यावर ते भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, परत दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवून कडक करतात. ही कडकी उष्णतेनं आलेली आहे, आणि चुकीच्या उष्णतेनं ती जातेही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता खार. ॲल्युमिनियमचं चाक लोखंडी हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या ॲक्सलच्या टोकाला, टेकलेलं, मध्ये खारं पाणी. ही झाली छोटीशी बॅटरी, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून पांढरी पूड होते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. हबच्या भोकात ती फुगली की चाक जाम बसतं. टायरच्या बीडखाली, म्हणजे रिमला घट्ट बसणाऱ्या कडेखाली, फुगली की हवा उतरते.

जाम चाकावर घण मारू नका, गॅस तर मुळीच लावू नका. नट दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. गंज सोडवणारं तेल हबच्या कडेनं सोडून अर्धा तास थांबा. डिस्क ब्रेकवर उडू देऊ नका. मग जॅक काढून गाडी जमिनीवर घ्या आणि सपाट जागेत हातभर पुढे-मागे करून हलकेच ब्रेक मारा. बहुतेक चाकं इथं सुटतात. सुटल्यावर हबचा गंज तारेच्या ब्रशनं काढा, चाकाची बाजू मात्र नायलॉनच्या पॅडनंच घासा. परत बसवताना हबच्या मधल्या गोलावर ॲल्युमिनियमचं किंवा निकेलचं अँटी-सीझ, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं ग्रीस, बोटानं पातळ पसरा. तांब्याचं नको, ॲल्युमिनियमजवळ तांबं म्हणजे आगीत तेल. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टच्या, आट्यांना काहीच लावायचं नाही. आटे ओशट झाले की त्याच जोरात नट जास्त ओढला जातो आणि स्टड ताणतो.

हवा हळूहळू उतरण्याचं दुखणं इथं घरोघरी आहे. आठवड्यात दहा पीएसआय जाते, टायरला खिळा सापडत नाही, पंक्चरवाला व्हॉल्व्ह बदलतो, तरी उतरतेच. चाक आडवं टाका आणि दोन्ही कडांच्या फटीत साबणाचं दाट पाणी ओता. बारीक फेस सलग कमानीत आला, तर बीड बसते ती जागाच खरबरीत झालीय. टायर उतरवून ती जागा १२० आणि मग २४० नंबरच्या पेपरनं चमकेपर्यंत घासायची. तिथं ग्राइंडर लावू नका; एकदा खोलगट झालं की बीड बसणारच नाही. घासल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, सुकवून, ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर पातळ मारा. बीड सीलर वरून लावता येतो, पण पूड न काढता नुसता सीलर फासणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. त्याच वेळी रबरी व्हॉल्व्ह नवा टाका आणि त्याचं भोकही साफ करा.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरणारे आहेत. सोडा ॲल्युमिनियम खातो, वर हायड्रोजन सुटतो. फरशी धुवायचं ॲसिडही तितकंच वाईट. पेंट रिमूव्हर वापरा. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टीवाल्याला तापमान विचारा. दोनशेच्या वर बराच वेळ ठेवलं तर मघाची कडकी उतरते. नट बसतात त्या खळग्यांवर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर कोटिंग येता कामा नये. तो थर दाबानं सरकतो आणि नट आपोआप सैल होतात.

आता खड्ड्यानं आलेला वाक. तो बहुधा आतल्या कडेला येतो, कारण तिथं आऱ्यांचा आधार नसतो. बॅलन्सिंग मशीनवर चढवून डायल गेज, म्हणजे लहरणं मोजणारं काट्याचं मापक, लावा. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे पाऊण मिलिमीटरपर्यंतचं लहरणं चालतं. त्यापुढे गेलं, पण वाक फक्त कडेला आहे आणि चीर नाही, तर हायड्रॉलिक प्रेसवर सरळ होतो. गॅसनं लाल करून हातोड्यानं ठोकणाऱ्याकडे देऊ नका. ॲल्युमिनियम लाल होत नाही, थेट वितळतं; किती तापलं ते डोळ्यांना कळतच नाही.

सरळ केल्यानंतर चीर तपासणं सक्तीचं समजा. डाय-पेनेट्रंटचे, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचे, स्प्रे मिळतात. नसतील तर जागा स्वच्छ करून रॉकेल किंवा डिझेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा, वरून खडूची पूड चोळा. चिरेतलं तेल पुडीवर काळसर रेघ काढतं. ही रेघ आऱ्यावर, स्टडच्या भोकाजवळ किंवा मधल्या भागात दिसली तर चाक भंगारात, वाटाघाट नाही. आतल्या कडेची छोटी चीर आर्गन वेल्डिंगनं भरता येते, पण वेल्डिंगच्या बाजूचा पट्टा मऊ होतो. रिकाम्या मोटारीला ते एकवेळ चालेल. देवगडहून आंब्याच्या पेट्या लादून करूळ घाट चढणाऱ्या पिकअपला चालणार नाही. दुरुस्त चाक चुकूनही मागे टाकू नका, भार तिथंच असतो.

बदलायचं ठरलं तर आधी भार बघा, दिसणं नंतर. मागच्या ॲक्सलचं मंजूर वजन निम्मं करा. समजा ते १,९०० किलो आहे, तर एका चाकाला किमान ९५० किलोची क्षमता हवी. ही क्षमता बहुतेक चाकांच्या मागे कोरलेली असते. कारच्या अलॉयवर ती सहाशे-सातशेच्या घरात असते, म्हणून बोल्ट जुळले तरी ते चाक तुमचं नाही. चाकावरच्या जपानी दर्जाच्या खुणांपैकी ‘जेडब्ल्यूएल’ प्रवासी मोटारीची, ‘जेडब्ल्यूएल-टी’ ट्रक-बसची.

पीसीडी म्हणजे स्टडची भोकं ज्या गोलावर असतात त्याचा व्यास. सहा भोकांत तो समोरासमोर, मध्य ते मध्य मोजा. इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला तो १३९.७ मिमी येतो. पाच भोकांत समोर भोकच नसतं. तिथं शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घेऊन १.७ नं गुणा. ८२ मिमीच्या आसपास आलं तर तोही १३९.७. मधलं भोक लहान असेल तर चाक बसतच नाही, आणि मोठं असेल तर चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर येतं. ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारं तोंड चाकाच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर, मूळ आकड्याच्या आसपासच ठेवा. चाक बाहेर काढलं की गाडी रुबाबदार दिसते आणि बेअरिंग लवकर बोंबलतं.

स्पष्टच सांगायचं तर मासळीच्या गाडीला स्टीलच्या डिस्क, म्हणजे स्टीलची चाकं, बऱ्या. गंजतात, पण गंज दिसतो. फुटण्याआधी वाकतात, आणि नवी डिस्क गावात मिळते.

अलॉयवरून स्टीलवर येताना नट बदलतात. अलॉयचे नट काही गाड्यांत वॉशरचे सपाट, काहींत ६० अंश निमुळते असतात. स्टीलच्या डिस्कला ते बसतीलच असं नाही. स्टेपनी स्टीलची असेल तर तिचे नट पिशवीत बांधून जॅकजवळ ठेवा. नट हातानं किमान स्टडच्या जाडीइतका चढला पाहिजे. १२ मिमीचा स्टड आणि दीड मिमीचा आटा असेल तर आठ फेरे. मग समोरासमोर, चांदणीच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत ओढा. या मापाच्या स्टडला तो बहुधा १००-१२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. एअर गननं शेवटचा ओढा देऊ देऊ नका. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाकं गार असताना, परत एकदा पाना लावा.