गुड नाईट, सर

श्रोतेहो, नमस्कार.

लँकेस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. आत सात जण. त्यातले पाच पुढे, एकमेकांच्या हाताशी. शेपटीचा गनर मात्र अगदी टोकाला, एकटा, चार मशीनगनच्या मागे, काचेच्या फिरत्या घुमटात. जागा इतकी अपुरी की त्याची हवाई छत्रीसुद्धा घुमटाबाहेर अडकवलेली. बाहेर पडायचं तर घुमट सरळ रेषेत यायला हवा, तरच पाठीमागची दारं विमानात उघडतात. घुमट फिरतो तेलाच्या दाबावर, आणि तो दाब येतो इंजिनाकडून. इंजिन बंद पडलं तर हाताने फिरवायची एक कळ, बस्स.

हे एवढं तपशिलात सांगितलं, कारण पुढचं सगळं या घुमटाशी येऊन थांबतं.

१२ जून १९४४ ची रात्र. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरून सहा दिवस झाले होते. जर्मन कुमक रेल्वेने पोहोचू नये म्हणून उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर हल्ला ठरला. कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचं एक लँकेस्टर इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावरून निघालं. शेपटीत होता पॅट ब्रॉफी. पाठीवरच्या घुमटात अँड्र्यू मायनार्स्की, वय २७. विनिपेग शहरातल्या पोलिश कुटुंबातला मुलगा. सोळाव्या वर्षी वडील गेले, तेव्हा फरच्या कामाला लागून त्याने घराला हातभार लावला होता. पॅट हुद्द्याने वरचा, पण दोघं जिवलग. रात्री निरोप घेताना अँडी गमतीने कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, “गुड नाईट, सर!”

मध्यरात्र उलटल्यावर जर्मन युंकर्स ८८ या लढाऊ विमानाने त्यांना गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. डावा पंख पेटला आणि दोन गनरांच्या मधोमध आगीचा लोळ उठला. कॅप्टनने उड्या मारायचा हुकूम दिला. अँडी आपल्या घुमटातून उतरला, दारापाशी पोहोचला. आता फक्त उडी मारायची.

त्याने मागे वळून पाहिलं. पॅटचा घुमट अडकलेला. दाब गेला होता, आणि हाताची कळ पॅटच्या धडपडीत मोडून गेली होती.

अँडी गुडघ्यांवर रांगत आगीतून त्याच्याकडे गेला. आधी कुऱ्हाडीने घाव घातले, मग नुसत्या हातांनी घुमट ओढू लागला. घुमट हलेना. एव्हाना त्याचे कपडे कमरेपर्यंत पेटले होते, हवाई छत्रीही. काचेआडून पॅट हाताने खुणावत होता, जा, तू तरी जा. शेवटी अँडी मागे सरला, पण पाठ न फिरवता, पॅटकडे बघत, पुन्हा त्याच आगीतून. दाराशी तो ताठ उभा राहिला आणि जळत्या कपड्यांनिशी त्याने सलाम केला. ओठ हलले. पॅटला ऐकू आलं नाही, पण शब्द त्याला माहीत होते.

सगळे त्या सलामाबद्दल बोलतात. मला विचाराल तर त्याआधीचं ते रांगत मागे जाणं त्याहून मोठं. दार त्याच्यासमोर उघडं होतं.

खाली फ्रेंच गावकऱ्यांनी एक पेटलेला माणूस आकाशातून उतरताना पाहिला. अँडी जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे वाचला नाही. आणि पॅट? विमान कोसळताना एका झाडाला आपटलं, त्या हिसक्याने घुमट सुटला आणि पॅट बाहेर फेकला गेला. तो जगला! फ्रेंच लोकांनी त्याला लपवलं. सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला, तेव्हा त्याला कळलं की अँडी गेला. मग पॅटने घडलेलं सगळं सांगितलं, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये अँडीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलात, त्या युद्धात सव्वा लाखाच्या आसपास जण उडाले. त्यातले पंचावन्न हजारांहून अधिक परतले नाहीत. त्यांच्या पेटत्या विमानांत शेवटच्या मिनिटांत कोण कुणासाठी मागे वळलं, हे सांगायला बहुतेक ठिकाणी कुणी पॅट उरला नाही.

अँडीची कबर फ्रान्समध्ये आहे, आमियाँजवळच्या मेअरिकूर गावात, गावच्याच दफनभूमीत.