मीटरला घड्याळ आलं, खटकाही आला

(डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. तुमच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, "सर, स्मार्ट मीटरवरून लोक फार चिडलेत, जरा समजवा." मी त्यांना म्हटलं, समजवायला येणार नाही, बोलायला येतो. माझी नोकरी मीटर तपासण्यात गेली, मीटर खपवण्यात नाही. आणि तुम्ही चिडलात ते काही खुळ्यासारखं चिडलेला नाहीत. फक्त तुमचा राग सगळा एकाच जागी जमलाय, 'मीटर पळतं' या दोन शब्दांत. त्याबद्दल आधी बोलू, कारण ते मिटल्याशिवाय तुम्ही माझं पुढचं ऐकणार नाही.

आपल्याकडे मीटर चालत नाही, पळतं. जुनी चकती होती तेव्हाही पळायचं, इलेक्ट्रॉनिक आलं तेव्हाही पळालं, आता स्मार्टही पळतंय. चकतीच्या मीटरची गंमत अशी की ते म्हातारं झालं की बहुतेक वेळा मंदावायचं. धूळ बसली, बेअरिंग झिजलं की अगदी बारीक भाराला चकती हलायचीच नाही. तुमच्या घरात वायफायचा डबा, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आणि भिंतीत कायमचा खुपसलेला चार्जर मिळून दहा वॅट धरा. चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला सात युनिटं झाली. म्हातारी चकती ही सात युनिटं सोडून द्यायची, नवं मीटर सोडत नाही. आजच्या मीटरचा अचूकपणाचा दर्जा एक टक्क्याचा असतो. म्हणजे तीनशे युनिटांत तीन इकडे किंवा तीन तिकडे. तेवढ्यानं बिल दुप्पट होत नाही.

मग ज्यांचं बिल खरोखरच दुप्पट झालं, ते खोटं बोलतात का? नाही. चाचणी विभागात असताना अशा तक्रारींमागे मला एक गोष्ट वारंवार सापडली आणि तिचं नाव आहे न्यूट्रल, म्हणजे वीज ज्या तारेनं परत जाते ती तार. ही तुमची इमारत कधीची? चौऱ्याऐंशीची. बरोबर. अशा इमारतीत वीस वर्षांत दहा वायरमन येऊन गेलेले असतात. कुणी इन्व्हर्टर बसवला, कुणी दोन खोल्यांची एक केली, कुणी जिन्यातला दिवा ओढला, आणि घाईत एका घराची न्यूट्रल दुसऱ्या घराच्या न्यूट्रलला जोडली. दिवे लागतात, पंखे फिरतात, कुणाला काही कळत नाही. पण आपल्याकडची घरगुती सिंगल फेज मीटरं फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणि न्यूट्रल अशा दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. चोरी पकडायला हे केलेलं आहे, आणि ते स्मार्टच्या आधीपासून आहे. आता बघा काय होतं. तुमचा गीझर चालतो, फेज तुमच्या मीटरमधून येते, परतीचा प्रवाह शेजाऱ्याच्या न्यूट्रलमधून जातो. तुमच्या मीटरनं तुमचं धरलं, ते योग्यच. शेजाऱ्याच्या मीटरनं न्यूट्रलमध्ये जास्त प्रवाह पाहिला आणि तुमचा गीझर त्याच्याही नावावर लिहिला. एकाच गीझरचं बिल दोघांना. ज्याच्याकडे आजवर जुनी चकती होती त्याला नवं मीटर लागल्याच्या महिन्यात हे दिसतं आणि तो म्हणतो, मीटर पळतंय. त्याचं काय चुकलं?

परदेशातली एक गोष्टही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मीटरची वकिली करतोय. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही इलेक्ट्रॉनिक मीटरनी प्रत्यक्षापेक्षा ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त नोंद केली, आणि काहींनी तीस टक्क्यांच्या आसपास कमी. डिमर लावलेल्या एलईडी आणि सीएफएल दिव्यांनी प्रवाहाची लहर इतकी तुटक केली होती की मीटरला ती नीट वाचता येईना. तो प्रयोगशाळेतला मुद्दाम रचलेला भार होता, आपल्या घरात तसा सहसा नसतो. पण मीटर कधी चुकूच शकत नाही असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून चहा पिऊन घ्या आणि पुढे जा.

आता माझा खरा विषय. जुन्या मीटरला फक्त आकडा माहीत होता. नव्याला वेळ कळते, आणि त्याच्या पोटात वीज तोडायचा खटका आहे. मला विचाराल तर काळजी या दोन गोष्टींची करा.

आधी मागचा पुढचा संदर्भ. केंद्राची वितरण सुधारणेची योजना २०२१ साली आली, देशभरात पंचवीस कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं ठरलं. प्रीपेड म्हणजे आधी पैसे, मग वीज. आपल्या महावितरणनं २०२३ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरांची कंत्राटं दिली, एका मीटरमागे साधारण बारा हजार रुपये. केंद्राचं अनुदान त्यातलं जास्तीत जास्त नऊशे. मग बाकीचे कुठून येणार? "ग्राहकाला मोफत" हे खरं आहे, पण बिलावर 'मीटरचे पैसे' अशी ओळ येणार नाही एवढ्याच अर्थानं. कंपनी म्हणते गळती कमी होईल, वसुली वाढेल, त्यातून खर्च निघेल. निघाला तर आनंदच आहे. नाही निघाला तर तो वीजदराच्या याचिकेत कुठेतरी बसेल, आणि ती याचिका आपल्यापैकी कुणी वाचत नाही. मीही नोकरीत असताना वाचत नव्हतो.

राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही. आता बसतंय त्याला टीओडी, म्हणजे 'टाइम ऑफ डे', वीज कुठल्या वेळी वापरली ते नोंदणारं मीटर म्हणतात; आधी वीज, मग बिल, नेहमीसारखं. लोक म्हणतात नाव बदललं, मीटर तेच. डबा म्हणाल तर लोक बरोबर आहेत. प्रीपेड की पोस्टपेड हे डब्यात ठरत नाही, लांबच्या संगणकातल्या तुमच्या खात्यात ठरतं. पण म्हणून उद्या सकाळी गुपचूप प्रीपेड करतील असंही मी म्हणणार नाही. ग्राहक संघटना विद्युत कायदा २००३ च्या कलम ४७(५) कडे बोट दाखवतात. तिथं म्हटलंय की जो ग्राहक प्रीपेड मीटरनं वीज घ्यायला तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये. 'तयार असेल' याचा अर्थ नकोही म्हणता येतं, असा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्या बाजूला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मीटरविषयीचे नियम आहेत, ते स्मार्ट प्रीपेडच्या बाजूनं झुकतात. हा वाद वकिलांचा आहे, मी त्यात पडत नाही.

खटक्याचं बघू. पूर्वी थकबाकी झाली की लाईनमन यायचा. त्याला तुम्ही नावानं ओळखायचात. "अहो, पेन्शन सात तारखेला होते, आठला भरते," असं कुणी आजी म्हणाली की तो मान हलवून पुढच्या दाराला जायचा. नियमात हे कुठेही नव्हतं. पण आमचं अर्धं खातं त्या मान हलवण्यावर चाललं होतं. आता खटका दुरून पडू शकतो, आणि संगणकाला मान नसते. कायदा मात्र तोच आहे. कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, खटका खांबावर असो की मीटरच्या पोटात. फक्त ती नोटीस आता मोबाईलवर येते. कुणाच्या मोबाईलवर? खात्यावर जो नंबर आहे त्याच्या. या इमारतीत किती घरांच्या खात्यावर अजून बिल्डरचा, जुन्या मालकाचा किंवा अमेरिकेतल्या मुलाचा नंबर आहे, हात वर करा. बघा. हे काम उद्याच करा. आणि घरात कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर कार्यालयात लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. उपयोग होईलच असं नाही, पण कागद असलेला माणूस आणि कागद नसलेला माणूस यांच्याशी खिडकीवर वेगळं बोलतात.

घड्याळामुळे दोन गोष्टी होतात. एक पैशाची. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत ठेवली आहे, कारण दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. आता हिशेब करा. धुण्याचं मशीन, इस्त्री, पाणी चढवायचा पंप, मिक्सर असं मिळून महिन्याला चाळीस युनिटं दुपारी सरकवलीत तर बत्तीस रुपये, त्यावरचा सोळा टक्के वीजशुल्क धरला तर सदतीस. दोन वडापाव म्हणा. नको म्हणू नका, पण त्यासाठी सुनेशी भांडू नका. नवरा-बायको दोघं सकाळच्या लोकलनं जाऊन रात्री आठला येतात त्या घराचं दुपारी चालतं काय? फ्रीज. सवलत त्यालाच.

दुसरी गोष्ट नोंदीची. मीटर दर अर्ध्या तासाला वापर लिहून ठेवतं. दिवसाचे अठ्ठेचाळीस आकडे. जुन्या काळी महिन्याला एक आकडा जायचा. त्या अठ्ठेचाळीस आकड्यांतून कळतं की तुम्ही पहाटे पाचला गीझर लावता, दुपारी झोपता आणि गणपतीला दहा दिवस गावी होता. घर बंद होतं हे पूर्वी शेजाऱ्यांना आणि दूधवाल्याला माहीत असायचं, आता एका सर्व्हरलाही माहीत आहे. याच कारणासाठी नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरला मान्यता नाकारली होती. आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तेव्हा विचारा, लेखी विचारा: ही नोंद कुणाकडे राहते, किती दिवस, कंत्राटदाराच्या माणसाला ती दिसते का. मी अजून एकाही ग्राहकाला हा प्रश्न विचारताना पाहिलेलं नाही. सगळे विचारतात, "रेडिएशन होतं का हो?" तर ते तुमच्या खिशातल्या मोबाईलपेक्षा जास्त नाही, आणि मीटर उशाशी घेऊन कुणी झोपत नाही.

मीटर बदलायला माणूस येईल तेव्हा काय करायचं, ते माझ्या पुतण्याच्या अनुभवावरून सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, गाव दुसरं आहे. मीटर बदललं, तो कामावर होता, सोसायटीच्या वॉचमननं कागदावर सही केली. पुढच्या बिलात पाचशे युनिटं जास्त. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग १८,४१२ होतं, कागदावर लिहिलं होतं १८,९१२. चाराचा नऊ झाला, एवढंच. पण जुनं मीटर तोवर गोदामात गेलेलं. तीन महिने खेटे घातले. शेवटी सुटका कशामुळे झाली? त्याच्या बायकोनं आदल्या आठवड्यात वॉचमनला मीटर रूममधली पाल दाखवायला फोटो काढला होता, त्यात मागे मीटर दिसत होतं. पालीनं वाचवलं. तुम्ही पालीवर विसंबू नका. जुन्या मीटरचा आकडा आणि क्रमांक, नव्याचा आकडा आणि क्रमांक, दोन्हींचे फोटो तारखेसकट ठेवा आणि सही घरच्या माणसानं करा.

बिल पटत नसेल तर २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत झालेली दुरुस्ती लक्षात ठेवा. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की पाच दिवसांत शेजारी दुसरं मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची आहे. त्याआधीच्या वर्षीच्या दुरुस्तीत आणखी एक आहे: स्मार्ट मीटरनं दाखवलेल्या कमाल मागणीवरून, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वांत जास्त भारावरून, ते बसवण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. कार्यालयात नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथंही नाही तर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती निवृत्त माणसांकडे भरपूर असते.

प्रश्न? हो, मागच्या काकू. "आमच्या मीटरवरचा लाल दिवा रात्रीही लुकलुकतो, वीज कुणी पितंय का?" चांगला प्रश्न. तो दिवा तुमचा वापर मोजतो. मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ३२०० इम्पल्स वगैरे. म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकणार. घरातलं सगळं बंद करून पाणी तापवायचा एक हजार वॅटचा रॉड लावा, मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुकायला हवा. चाळीस-पंचेचाळीसच आले तर घाबरू नका, व्होल्टेज कमी असलं की रॉडही कमी वीज ओढतो. सत्तर-ऐंशी आले तर मला सांगा. आणि मेन स्विच बंद केल्यावरही दिवा थांबला नाही, तर मघाची न्यूट्रलची गोष्ट आठवा, किंवा तुमच्या वायरवर जिना उजळतोय.

"आमच्याकडे करून दाखवाल?" रॉड मी पिशवीत आणलाय. बादली तुमची. काकू, तुम्ही वर जाऊन फ्रीजसकट सगळं बंद करा, आणि सेक्रेटरी, मीटर रूमची किल्ली कुणाकडे असते?