माळ्यावरचा सायलेन्सर

(पहाटेची अरुंद गल्ली. दारात उभी बुलेट.)

कोल्हापूर, मंगळवार पेठ. सकाळचे सहा वाजलेत. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दारांमध्ये जेमतेम दहा फुटांचं अंतर आहे. इथं बुलेटला किक बसली की समोरच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात.

समोर तीन महिन्यांचं बाळ आहे. त्याची आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी गाडी काढायला लागलो की ती उठून खिडकी लावून घ्यायची, बस्स. त्या कडीचा आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

गाडी जुनी घेतलेली. २०१४ची क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. आधीच्या मालकानं तिला मोठ्या आवाजाचा इंदोरी सायलेन्सर बसवला होता. इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, मेगाफोन, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल... बुलेटवाल्यांना ही नावं तोंडपाठ असतात. दोन वर्षं मीही तो आवाज हौसेनं मिरवला.

गाडी घेतली त्या दिवशी मालकानं पोत्यात गुंडाळलेली एक जड वस्तू हातात ठेवली होती. म्हणाला, "कंपनीचा आहे, टाकू नका." तेव्हापासून ती माळ्यावर पडून होती. आता इंदोरी उतरवून तोच सायलेन्सर परत बसवायचं ठरवलं.

(पोतं उघडतं. सायलेन्सरच्या तोंडाशी वाळलेली माती.)

हे बघा. कुंभारमाशीनं शेपटीच्या नळीत मातीचं घर बांधलंय. काडीनं हलक्या हातानं कोरलं तर आत रिकामी कोठडी निघाली. माशी कधीच उडून गेली होती. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक आहे, तेही गंजानं बुजलंय. ते तारेनं मोकळं केलं, कारण हे भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण मंडईपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच रोज केलं तर सायलेन्सर पुरता तापत नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. थंडीत सकाळी गाड्यांच्या नळीतून थेंब टपकताना दिसतात, ते हेच पाणी.

शनिवारी रात्री हेडपाशी, म्हणजे इंजिनाच्या माथ्याशी जिथं सायलेन्सरची नळी जोडलेली असते तिथल्या दोन नटांवर गंज सोडवणारं तेल मारलं. या कामात अवघड काय असेल तर हे दोन नट. बाकी सगळं पाना फिरवण्याचं काम. हेड ॲल्युमिनियमचं आणि त्यात बसवलेले स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, पोलादी. दर फेरीला तापायचं, परत गार व्हायचं. दहा वर्षांत नट आणि स्टड असे चिकटतात की एकच तुकडा वाटावा.

रविवारी सकाळी गल्लीतले मिस्त्रीमामा आले. आता त्यांनी काम सोडलंय, पण पाना दिसला की हात आपोआप पुढं येतो. मी रिंग पाना लावून अंग टाकणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"जोर नगं लावू, बाळा. स्टड तुटला तर हेड उतरवायला लागंल. मग लेथवाल्याकडं."

"मग काय करू, मामा?"

"आधी आवळ."

(नटाचा जवळून शॉट. पाना इकडून तिकडं, बोटभर.)

सोडवायचा नट आधी किंचित आवळायचा. गंजाचा थर तडकतो. मग किंचित सोडायचा, तेल टाकायचं, परत आवळायचा. जात्यावर बसल्यासारखं मागं-पुढं, मागं-पुढं. तब्बल वीस मिनिटं गेली. मग आतून बारीक 'कर्र' आलं आणि नट फिरला. मामांनी नुसती मान हलवली. त्या क्षणाचा आनंद शब्दांत सांगता यायचा नाही.

आता थोडं इंजिनाबद्दल. बुलेटचा सिलिंडर ३४६ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे दट्ट्याची धाव लांब. गाडी नुसती उभी चालू असताना मिनिटाला साधारण हजार फेरे होतात. दर दोन फेऱ्यांना एकदा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे सेकंदाला आठ वेळा दाबातला गरम वायू नळीत धडकतो. ती धडक म्हणजे आपली डुगडुग. कंपनीच्या सायलेन्सरात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यांच्या भिंतींवर आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. इंदोरीत ही व्यवस्था जवळपास नसतेच. वायू सरळ बाहेर पडतो.

हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणारी वाकडी नळी, बेंड पाइप, निघाला तेव्हा हेडच्या तोंडाशी गॅस्केटची, म्हणजे जोडातली फट बुजवणारी रिंग दिसली. एका बाजूनं खाल्लेली, काळी. मामांनी ती बोटावर फिरवली आणि म्हणाले, "हे बघ तुझं फटाकं."

ॲक्सिलरेटर सोडला की गाडी फट-फट वाजायची. मला वाटायचं तो इंदोरीचा रुबाब. प्रत्यक्षात या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीतच पेट घेत होतं. ही रिंग एकदा दाबली गेली की तिचं काम संपलं. दर वेळी नवीनच टाकायची. तिला पैसे किती लागतात? चार चहा पिऊन होतील तेवढे.

कार्ब्युरेटरही उघडावा लागला. मोकळ्या सायलेन्सरला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून आधीच्या मालकानं मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, टाकला होता. तो तसाच ठेवून कंपनीचा सायलेन्सर चढवला असता तर प्लग काजळीनं भरला असता. पुष्कळ जण इथंच चुकतात. सायलेन्सर बदलतात, जेट विसरतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून नव्या सायलेन्सरला दोष देतात. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीला जेट नसतो. तिथं नळीवरच्या ऑक्सिजन सेन्सरची वायर सांभाळावी लागते.

बसवताना सगळे नट-बोल्ट आधी नुसते हातानं लावले. मग हेडकडचे दोन, आलटून पालटून, थोडे थोडे. त्यानंतर क्लॅम्प आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. मागचा आधी आवळला तर नळी ताणात राहते आणि तो ताण नेमका स्टडवर येतो. क्रोमवर उमटलेले बोटांचे डागही सुरू करण्याआधी पुसून टाकले, कारण एकदा तापले की ते कायमचे बसतात.

कायद्याचंही सांगतो. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये, २०१९च्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे नियम पहिल्यांदा मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण मला तेवढं पुरलं नव्हतं. मला ती खिडकी पुरली.

(गाडी अंगणात. साबणाच्या पाण्याची बाटली.)

गाडी उघड्यावर आणूनच सुरू करायची. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंड इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. फुगे आले असते तर फट राहिली असं समजायचं. फुगे आले नाहीत. दोन मिनिटं पांढरा धूर निघाला, तो सांडलेल्या तेलाचा. मग हवा स्वच्छ झाली.

सोमवारी सकाळी सहाला किक मारली. डुग... डुग... डुग. खोल, पण दारातल्या दारात. समोरची खिडकी उघडीच होती. आत कुकरची शिटी झाली, ती मला गाडीवर बसल्या बसल्या ऐकू आली.

रंकाळ्याला एक चक्कर मारली. पाण्याच्या कडेनं संथ जाताना मागून काहीतरी ऐकू येऊ लागलं. चट... चट... चट, चाकाच्या लयीत. थांबून हात लावला तर चेन दीड बोट सैल. किती दिवसांची होती देव जाणे. दोन वर्षं ती वाजत असणार आणि मला एकदाही ऐकू आली नव्हती.

परत येताना मिस्त्रीमामांच्या दारात थांबलो.

"मामा, चेन वाजतीय."

"मग आण की रविवारी," ते म्हणाले. "अ‍ॅक्सलचा पाना मोठा लागतोय, तो माझ्याकडं हाय."