काऊचं घर पावसात वाहून गेलं, त्यानंतर वर्गात काय करायचं?

(पहिली-दुसरीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गोष्टींचा आठवडा ठरला की शाळेत पहिली धावपळ सुरू होते ती पुठ्ठ्याची आणि चमकीची. मुकुट होतात, पंख होतात, दारावर तोरण लागतं. दोन तासिका कातर आणि डिंकात जातात, आणि गोष्ट कुठेतरी फळ्याच्या कोपऱ्यात चित्र होऊन बसते. हौसेला माझी ना नाही. पण उपक्रम निवडताना एक कसोटी लावा: गोष्ट काढून घेतली तरी हा उपक्रम जसाच्या तसा चालतो का? भोपळ्याच्या चित्रात रंग भरायला म्हातारीची गरज नसते. असा उपक्रम गोष्टीचा नव्हे. गोष्टीत जिथे कुणीतरी अडतं, तिथे मुलांना उभं करायचं आणि पुढचं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं.

आज चिऊ-काऊच्या गोष्टीवरच जास्त बोलतो. ती जवळपास प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मोठा पाऊस येतो. पहिल्या दिवशी फक्त गोष्ट सांगा. आठ-दहा मिनिटं, हातात पुस्तक नको, चित्र नको. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ हे वाक्य पहिल्यांदा तुम्ही म्हणा, तिसऱ्यांदा वर्ग आपोआप म्हणतो. ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. तो विचारला की मुलं गोष्ट सोडून तुमचा चेहरा वाचायला लागतात.

दुसऱ्या दिवशी वाचन. चिमणीची उत्तरं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहा. पट्टी साधारण ४५ सेंटिमीटर लांब, अक्षर चार सेंटिमीटर उंच, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही दिसेल. ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाचं अंग पुसते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ अशा सहा पट्ट्या पुरे. एक मूल काऊ होऊन दार वाजवतं, दुसरं पट्टी उचलून वाचतं.

इथे हमखास फसतं ते असं. मुलं पट्टीकडे न बघताच अस्खलित म्हणतात आणि आपल्याला वाटतं, वाचायला लागली! निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. पाठ झालेल्या गोष्टीवर हा वेग मोजलात तर आकडा छान येईल, पण तो खोटा असेल. म्हणून तिसऱ्या फेरीला पट्ट्या उलटसुलट करा. मग एका पट्टीत ‘बाळाला’च्या जागी वर्गातल्या मुलाचं नाव चिकटवा. मग एका पट्टीत गंमत घाला: ‘माझ्या बाळाला दप्तर घालते.’ जे मूल खरंच वाचतंय ते तिथे थबकतं आणि हसतं. जे पाठ म्हणतंय ते ‘अंघोळ’ म्हणून पुढे जातं. कुणाला अजून मदत हवी हे त्या क्षणी कळतं, वेगळी चाचणी लागत नाही.

नंतर पट्ट्या कापून शब्द सुटे करा. कापताना ‘बाळा’ आणि ‘ला’ वेगळे करू नका; प्रत्यय शब्दाला चिकटलेलाच राहू द्या. ‘बाळाला’ आणि ‘बाळाचं’ ही दोन कार्डं शेजारी ठेवून कुठलं ‘अंग पुसते’च्या आधी बसतं ते मुलांना लावू द्या. व्याकरणाचं नाव न घेता त्यांचा कान बरोबर चालतो.

तिसरा दिवस घरांचा. खरं मेण वितळवण्याच्या फंदात वर्गात पडू नका. प्रत्येक गटाला वहीच्या पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे द्या, साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचे. एकावर पांढरी मेणबत्ती दाबून घासायची, दुसऱ्यावर ओल्या मातीत भुसा कालवून लेप द्यायचा. शेण मिळत असेल आणि मुलांच्या हाताला जखम नसेल तर शेणही चालेल, पण नंतर साबणाने हात धुण्याची सोय आधी करा. दोन्ही तुकडे मधोमध दुमडून छपरासारखे उभे करा. बाटलीच्या बुचाला पाच-सहा भोकं पाडली की पाऊस तयार. प्रत्येक छपरावर सारखंच पाणी, म्हणजे एक छोटा पेला, आणि सारख्याच उंचीवरून, म्हणजे वीतभर.

मेणाचं छप्पर बऱ्याच गटांत गळतं. कारण घडीत असतं: मेण घासून पुठ्ठा दुमडला की घडीवरचा थर तडकतो आणि पाणी तिथूनच शिरतं. आधी दुमडा, मग घडीवर पुन्हा दोन-तीनदा घासा. पण हे आधीच सांगून टाकू नका. गळू द्या, बोट लावून कुठून गळतंय ते शोधू द्या. आणि एक गट बाटली हातभर वर धरतो, दुसरा अगदी टेकवतो. मग ‘आमचं घर भारी’ची भांडणं. ती भांडणं मोडू नका, ‘दोघांना पाऊस सारखा पडला का?’ एवढंच विचारा.

गावाकडच्या शाळेत इथे एखादी मुलगी हमखास म्हणते, ‘आमच्या घरात शेणाने सारवलंय, ते तर वाहून जात नाही.’ ती बरोबर आहे. वाळलेला, मातीत नीट कालवलेला लेप हलक्या सरीत टिकतो, ओला लगेच सुटतो. गोष्टीच्या बाजूने वाद घालू नका. काही गटांचा लेप रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस पाडा. काऊला बिचाऱ्याला घर वाळायला वेळच मिळाला नसेल, असा निष्कर्ष मुलं स्वतः काढतात. तो गोष्टीपेक्षा मोलाचा आहे, असं माझं मत.

नाट्यीकरणाबद्दल थोडक्यात. मुखवटे टाळा: डोळ्यांची भोकं जागेवर येत नाहीत, आवाज आत कोंडतो. चार सेंटिमीटर रुंदीची डोक्याभोवती बसणारी पट्टी आणि तिच्यावर चोच पुरते. पट्टी स्टेपल केली तर पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर कपाळ ओरबाडतं. दोन मुलांनी हात धरले की दार झालं.

गणितासाठी मात्र भोपळाच बरा. जमिनीवर खडूने शून्य ते वीस अशी संख्यारेषा काढा, दोन अंकांत एक फूट अंतर. शून्यावर म्हातारीचं घर, वीसवर लेकीचं. ‘टुणूक’ म्हणजे एक उडी. जाताना बेरीज, येताना वजाबाकी. मुलं उभी असलेल्या अंकालाच ‘एक’ म्हणतात आणि पाचवरून तीन उड्या मारून सातवर पोचतात. उपाय सोपा: पाय जमिनीला टेकल्यावरच ‘टुणूक’ म्हणायचं, उभं असताना तोंड बंद. वाघ सातवर, कोल्हा बारावर बसवा आणि ‘वाघापासून कोल्ह्यापर्यंत किती टुणूक?’ विचारा. दोन संख्यांमधला फरक तिथे पायाने मोजला जातो.

शेवटाचं काय करायचं, हे नेहमी विचारलं जातं. काही घरांत काऊला शेवटी दार उघडतं, काही घरांत त्याला तव्याचा चटका बसतो. मुलांनी घरून जो शेवट आणला असेल तो येऊ द्या. मग वर्गाच्या दोन कोपऱ्यांत उभं राहून मत द्यायचं: चिमणीने उशीर केला ते बरोबर की चूक? प्रत्येकाने एक कारण सांगायचं, आणि दुसऱ्याचं कारण पटलं तर चालत पलीकडच्या कोपऱ्यात जायचं. तुम्ही मात्र कुठल्याच कोपऱ्याजवळ उभे राहू नका, नाहीतर सगळा वर्ग तुमच्याकडे सरकेल.

लेखनासाठी मार्च-एप्रिलपर्यंत थांबा. वाढदिवसाची बारीक मेणबत्ती तापलेल्या पत्र्यावर भर उन्हात उभी करा, ती वाकते. किती वेळ लागतो हे गावागावावर आहे, म्हणून आदल्या दिवशी स्वतः करून बघा. आणि पत्र्याला मुलांचा हात लागू देऊ नका, चटका बसतो. आता उन्हाळ्यात कोण कुणाचं दार वाजवणार? मुलं लगेच ओरडतात, ‘चिऊ!’ काऊ आतून काय काय सांगेल, ते लिहायला द्या. पहिलीला ‘थांब, मी ___’ एवढं छापून द्या, दुसरीला कोरा कागद. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका. आधी काऊला बोलून घेऊ द्या, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावायची प्रत काढताना करता येते.